दादाच्या गोळीबद्दल

नागपूर, 18 मे

प्रिय दिन्या,

दादा आता घाबरत नाही, की फक्त घाबरलेला दिसत नाही? तुझ्या पत्रातला हा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आमच्या प्रयोगशाळेत उंदराचा एक जुना प्रयोग आहे. पेटीचे दोन कप्पे. आधी घंटा वाजते, मग पायाखालच्या सळ्यांतून हलका शॉक. थोड्याच दिवसांत उंदीर घंटा ऐकली की पलीकडे पळायला शिकतो. त्याला हॅलोपेरिडॉल, म्हणजे दादाच्या गोळीतलं औषध, दिलं की घंटेला तो जागचा हलत नाही, पण शॉक बसताच पळतो. म्हणजे पाय शाबूत, वेदना शाबूत. संकटाच्या चाहुलीतली निकड तेवढी गेलेली. मला वाटतं, दादाचंही थोडं असंच असावं. पण आमचे उंदीर निरोगी असतात आणि दादा फक्त त्यालाच ऐकू येणाऱ्या आवाजांनी रात्र रात्र जागत होता, हे मी विसरत नाही.

तुझ्यासारखाच प्रश्न आम्हालाही पडतो: पाण्यात सोडलेला उंदीर निपचित तरंगला, तर तो ताणाने हरला की औषधाने मंदावला? त्या एका चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. त्याची एरवीची हालचाल आणि रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरकही बघावं लागतं. शिवाय माणसाच्या रक्तात हे औषध अर्धं व्हायला जवळपास दिवस लागतो, उंदरात दोनेक तास. रोज एक इंजेक्शन दिलं तर उरलेला दिवस त्याचा मेंदू मोकळाच. म्हणून दीर्घ उपचारासाठी कातडीखाली छोटा पंप बसवतात.

हे औषध मेंदूतल्या डोपामाइन या निरोप्या रसायनाला अडवतं. असं आठवडेच्या आठवडे अडवलं की मेंदू त्याचे डी-2 ग्राही, म्हणजे तो निरोप पकडणारे रेणू, वाढवतो. काही उंदीर तोंडात काही नसताना चघळत राहतात. दादाचे ओठ हलतात असं तू लिहिलंस, तिथे मी थबकलो. डॉक्टरांना हे याच आठवड्यात सांग. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नकोस. वाढलेले ग्राही एकदम मोकळे झाले की आजार उसळू शकतो.

आणि ऐक, इथे पारा 45 ला टेकलाय. या गोळ्यांनी शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं, काहींनी घामही कमी येतो. दादाला दुपारी बाहेर पाठवू नकोस, त्याने मागितलं नाही तरी पाणी देत राहा. रविवारी सकाळी मी येतोच, दादाजवळ बसायला.

तुझा,
मन्या