बाई, ‘जीव नकोसा’ खोडल्याबद्दल

आदरणीय बाई,

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. गाइड म्हणाले, पानं वाढवू नका. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

धरमपेठेत तुमच्याकडे आले तेव्हा प्रश्नावली ‘जवळपास तयार’ आहे असं मी सांगितलं होतं. एसबीक्यू-आर, म्हणजे आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांबद्दल विचारणारी, ऑस्मान आणि सहकाऱ्यांची, २००१ सालची. प्रश्न चारच, गुण ३ ते १८. रुग्ण नसलेल्या तरुणांत ७ किंवा जास्त आले की लक्ष द्यायचं. ती मराठीत आणून विद्यापीठातल्या मुलामुलींवर पडताळायची होती. मूळ इंग्रजी न दाखवता आमचं मराठी तुम्हाला उलट इंग्रजीत करायला दिलं. पद्धतच तशी आहे. पहिल्याच प्रश्नाला तुमचं इंग्रजी आलं, ‘फेड अप विथ लाइफ’. मुळात होतं ‘किल युवरसेल्फ’.

चूक तुमची नव्हती. थेट लिहायला मीच बिचकले होते आणि ‘जीव नकोसा झाला आहे का’ असं गुळमुळीत करून ठेवलं होतं. मूळ प्रश्न पुढे केल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. “अगं बाप्पा, मे महिन्यात हे विचारशील तर अख्खं नागपूर ‘हो’ म्हणेल.” कूलर घरघरत होता. मी हसले, आणि मग पोटात गोळा आला. उन्हानं जीव नकोसा होतो, परीक्षेचा फॉर्म भरतानाही होतो. त्या गर्दीत जिच्या मनात खरंच तसं काही चाललंय ती पोर मला सापडणार कशी?

मुलं घाबरतील, नसतं डोक्यात भरेल, असं मी पुटपुटले. थेट विचारल्यानं असे विचार वाढत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांवरच्या २००५ च्या अभ्यासात दिसलंय, आणि ते मीच सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं! तुम्ही एवढंच म्हणालात, “काहून लपवतेस? ज्याच्या मनात आहे त्याला तू काय नवीन सांगणार?”

शेवटी ‘स्वतःचा जीव द्यावा असा विचार’ हे शब्द ठरले. गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलांना वाचायला दिले, कुणी अडखळलं नाही. ‘आत्महत्या’ शब्दावर मात्र एकानं विचारलं होतं, “हे शेतकऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे का?”

पर्यायांवरूनही भांडलात. ‘कधीकधी’पुढे मुळात ‘दोन वेळा’ आहे. “दोनदाला कधीकधी कोण म्हणतं?” मग आम्ही आकडेच ठळक छापले. अल्फा-बिल्फा, म्हणजे प्रश्नावली किती भरवशाची याचा आकडा, बरा आला, पण ते कौतुक तुम्हाला नाही.

निघताना तुम्ही विचारलंत, “हे कागद वाचणार कधी?” मी म्हटलं, महिनाअखेरीस, डेटा एंट्रीला. तुम्ही काही न बोलता कप उचलून आत गेलात.

त्या रात्री झोप आली नाही. मग ठरवलं, कागद त्याच संध्याकाळी वाचायचे, समुपदेशक ताई त्या दिवशी तिथेच थांबणार, आणि प्रत्येकाच्या हातात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. पहिल्याच संध्याकाळी ताईंना बराच उशीर झाला. त्याहून जास्त सांगता येत नाही, बाई, तुम्हालासुद्धा.

मानधनाचं पाकीट परत पाठवलंत, ते माझ्याकडेच आहे. रविवारी संत्रा बर्फी घेऊन येतेय. साखरेचं कारण सांगू नका, दोनच तुकडे आणते.

तुमची,
दहावी ‘ब’मधली, शेवटच्या बाकावरची