डफरिन गेली, राजेंद्र गेली. आता चालतं जहाज द्या

माननीय संपादक,

न्यूयॉर्कच्या मेरीटाईम कॉलेजचं ‘एम्पायर स्टेट’ हे शिकाऊ जहाज २०२३ मध्ये बाजूला झालं. साठीतलं, वाफेच्या टर्बाइनवर चालणारं, मूळचं मालवाहू जहाज. त्याच वर्षी त्याच नावाचं नवंकोरं जहाज कॅडेटांच्या ताब्यात आलं. म्हातारं जहाज जाणारच. पण त्याच्या जागी दुसरं तयार होतं. आपल्याकडे तसं झालं नाही, म्हणून हे पत्र.

मी ‘डफरिन’चा कॅडेट, शेवटच्या काही तुकड्यांमधला. पलटणींची ने-आण करणारी ती बोट १९२७ मध्ये माझगावसमोर शिकाऊ जहाज म्हणून उभी राहिली आणि भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. तिच्या पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आमच्या वेळीही पहाटे अनवाणी डेक घासावा लागे. मग वल्ह्याची बोट. ओहोटीच्या ओढीत ती आडवी झाली की इन्स्ट्रक्टर गप्प बसत. तळहात सोलवटलेले असले तरी बोट तुमची तुम्हीच वळवायची. पाण्याची ओढ कुठून येते हे मला त्या बोटीतच कळलं, फळ्यावर नव्हे.

१९७२ मध्ये डफरिनच्या जागी ‘राजेंद्र’ आली. १९९३ मध्ये तीही गेली आणि प्रशिक्षण नवी मुंबईत करावे गावी ‘चाणक्य’ या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात, म्हणजे जमिनीवर आलं. तिथल्या शिक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. तिथून निघालेली मुलं माझ्या हाताखाली उत्तम काम करून गेली आहेत. शिवाय आमच्या दोन्ही बोटीही एका जागी बांधलेल्याच होत्या. समुद्रावर फिरणारं मोठं शिकाऊ जहाज आपल्या व्यापारी कॅडेटांना हवं आहे.

याची झळ कोणाला बसते? वर्षाचा डिप्लोमा झाला की मुलाला दीड वर्षाचा सी-टाइम, म्हणजे चालत्या जहाजावर प्रत्यक्ष कामाचा काळ, लागतो आणि त्यासाठी जहाजावर जागा मिळावी लागते. माझ्या ओळखीचा दाभोळचा एक मुलगा कागदपत्रं घेऊन मुंबईत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो आहे. एका एजंटाने जागेसाठी लाखांत रक्कम मागितली. बापाने कलमांची बाग गहाण टाकायची तयारी केली, तेव्हा मी त्यांना हात जोडून थांबवलं. सरकारचं स्वतःचं जहाज असतं, तर निदान काही महिन्यांचा सी-टाइम त्यावर भरता आला असता.

अमेरिकेने आपल्या सागरी अकादमींसाठी अशी पाच जहाजं बांधायला घेतली. एकेकावर सहाशे कॅडेटांची सोय, वर्गखोल्या आणि शिकणाऱ्यांसाठी वेगळा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती जागा. आपत्तीत हजार माणसांना आसरा देता येईल अशी रचनाही आहे. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी होती. तेव्हा किनाऱ्यापुढे असं एक जहाज उभं राहिलं असतं तर काय मदत झाली असती, हे इथल्या कोणालाही विचारा.

पाच नकोत, एक द्या. ते भारतीय गोदीतच बांधा आणि त्यावरच्या जागा गुणवत्तेने भरा. ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाला दरवर्षी भाषणं होतात. येत्या वेळी बंदरे व जहाजवाहतूक मंत्र्यांनी या एका जहाजाची तारीख सांगावी, एवढीच मागणी आहे.

– डफरिनचा एक माजी कॅडेट, दापोली