टेहळणीची प्रकरणं कापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत क्रमशः येणाऱ्या विज्ञान-कादंबरीविषयी गेल्या आठवड्यात दोन वाचकांची पत्रं छापून आली. तक्रार दोघांचीही एकच. पहिल्या चकमकीत यान निकामी होईपर्यंत कथा सुसाट पळत होती, आता मात्र माणसं नुसती हवेची मोजदाद करतात आणि कान लावून बसतात. मग लढाई कधी होणार? त्यातल्या एकांनी तर ही प्रकरणं आवरती घेऊन कथा थेट हल्ल्यावर आणावी, अशी आपल्याला गळ घातली आहे. कृपा करून तसं करू नका. मी नोकरीची बहुतेक वर्षं हवाई संरक्षणाच्या रडारपुढे काढली. शत्रू कुठे आहे हे कळायच्या आधीचा काळ कसा जातो ते मला पुरतं ठाऊक आहे, आणि तो इतका नीट कागदावर उतरलेला मी फार कमी वेळा वाचला आहे.

ज्यांचे मधले भाग वाचायचे राहिले असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका गोठलेल्या उपग्रहाभोवती, म्हणजे दुसऱ्या ग्रहाच्या चंद्राभोवती, हे यान अडकून पडलं आहे. मुख्य इंजिन गेलं, घरी संदेश पाठवायचा अँटेना गेला, तीन माणसं गेली. शत्रूची यानं किती, कुठे, आपण जिवंत आहोत हे त्यांना माहीत आहे की नाही, कशाचाच पत्ता नाही. अशा वेळी कप्तान बाई उरलेल्यांना भोजनकक्षात बोलावते आणि एकेकाला एवढंच विचारते, ‘तू स्वतः काय पाहिलंस?’ चूक कोणाची, हा विषय ती निघूच देत नाही. आणि पहिल्यांदा बोलायला लावते सगळ्यांत धाकट्या वैमानिक मुलीला.

या एका तपशिलावरून लेखकाची तयारी कळते. सराव फसला की आम्हीही असेच बसायचो. कनिष्ठाने आधी बोलायचं, वरिष्ठाने शेवटी. कारण साहेब एकदा ‘लक्ष्य उत्तरेकडून आलं’ म्हणाले, की ज्याला ते ईशान्येला दिसलं होतं तोही ‘हो सर, उत्तरच’ म्हणून मोकळा होतो. कथेतली ती मुलगी चाचरत सांगते की यानाला तडाखा ज्या बाजूने बसला, त्या बाजूला पडद्यावर कोणीच नव्हतं. म्हणजे कोणालाही न दिसलेलं आणखी एक यान तिथे होतं. पराभवातून हाती लागलेली ही पहिली खरी बातमी. एकमेकांवर खापर फोडणाऱ्या बैठकीत त्या मुलीने तोंडच उघडलं नसतं. पत्रलेखकांनी ज्यांना ‘पानभर गप्पा’ म्हटलं आहे, त्या या गप्पा.

हवेच्या हिशेबाचं प्रकरणही कंटाळवाणं वाटल्याचं एकांनी लिहिलं आहे. त्यांनी अपोलो १३ ही अमेरिकी चांद्रमोहीम आठवावी. १३ एप्रिल १९७० रोजी प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा लव्हेल, स्वायगर्ट आणि हेज पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरहून दूर होते. चंद्रावर उतरायला सोबत नेलेल्या, दोन माणसांनी दोनेक दिवस वापरायच्या चांद्रयानात तिघांनी साडेतीन दिवस काढले. प्राणवायू तिथे पुरेसा होता. जिवावर उठला तो त्यांच्याच श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. तो शोषून घेणारे मुख्य यानातले डबे चौकोनी, चांद्रयानातले गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी वापरून चौकोनी डबे कसेबसे जोडले गेले. विजेसाठी जवळजवळ सगळं बंद ठेवलं, तापमान तीन-चार अंशांवर उतरलं, भिंतींवर आणि यंत्रांवर पाणी साचायला लागलं. कार्बन डायऑक्साइड वाढला की डोकं ठणकतं, मन ठरत नाही, साधी बेरीज चुकते. अशा माणसाला पहाऱ्यावर बसवलं तर तो नसलेलं पाहील किंवा असलेलं सोडून देईल. कप्तान बाई आधी हवा सावरते, मग झोपेच्या पाळ्या लावते आणि मगच पहारा बसवते. मीही याच क्रमाने गेलो असतो.

आता सर्वांत जास्त टीका ज्यावर झाली त्याकडे वळतो : रडार शाबूत असताना हे लोक ते चालूच का करत नाहीत?

कारण रडार चालू करणं म्हणजे अंधारात हाक मारणं. आपली लहर लक्ष्याकडे जाताना पसरते आणि त्यावर आपटून परत येताना पुन्हा पसरते. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आपल्या हाती येणारा प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. समोरच्याकडे मात्र तीच लहर एका वाटेने, थेट पोचते. दुप्पट अंतरावर त्याला ती चौथा हिस्सा मिळते. म्हणजे तो मला दिसायच्या कितीतरी आधी मी त्याला ऐकू येतो, आणि कोणत्या दिशेला आहे तेही त्याला कळतं. शिवाय अंतराळातली अंतरं पाहा. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. तीन कोटी किलोमीटरवरच्या यानापर्यंत पोचायला तिला शंभर सेकंद, परत यायला शंभर. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने चाललेलं यान प्रतिध्वनी आपल्या हाती येईपर्यंत हजार किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आपण त्याला शोधतो आहोत हे त्याला, तो आपल्याला सापडायच्या शंभर सेकंद आधीच समजलेलं असतं. अडकलेल्या, इंजिन गेलेल्या यानाने हा धोका पत्करायचा कशाच्या जिवावर?

म्हणून मौन पाळायचं आणि ऐकायचं. पण ऐकण्यातून दिशा मिळते, अंतर मिळत नाही. अंतर हवं असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी कान लावायचा आणि दोन दिशांच्या रेघा कुठे छेदतात ते नकाशावर पाहायचं. ही दोन ठिकाणं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं स्थान नेमकं. दोघांना छोट्या यानातून बाहेर पाठवायचा कप्तान बाईंचा निर्णय पत्रलेखकांना ‘उगाच वेळकाढूपणा’ वाटला. मला तो या कथेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. ते दोघं काहीही न करता नुसते दूर जाऊन बसले, तरी यानाला दुसरा कान मिळाला.

लपण्याचंही असंच आहे. अंतराळ काळोखं असलं तरी लपायला सोयीचं नाही. माणसं जगवायची तर यान उबदार ठेवावं लागतं, आणि वीस अंश तापमानाचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे चारशे वॉटच्या आसपास उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकत राहतो. मागे आकाश शून्याखाली २७० अंशांचं. अशा पडद्यावर उबदार यान लपत नाही. इंजिन पेटवलं तर विचारायलाच नको : १९९१ च्या आखाती युद्धात इराकने सोडलेली स्कड क्षेपणास्त्रं अमेरिकी उपग्रहांनी सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून, केवळ ज्वाळेच्या उष्णतेवरून टिपली होती. उष्णता टाकणाऱ्या पट्ट्या शत्रूच्या विरुद्ध बाजूला वळवून ठेवता येतात, हे खरं. पण त्यासाठी शत्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी ठाऊक हवं. टेहळणीशिवाय लढता येत नाही हे कोणीही मान्य करेल. या कथेतल्या माणसांना टेहळणीशिवाय धड लपताही येणार नाही. हल्ल्यावर उडी मारा म्हणणाऱ्यांनी एवढा एक मुद्दा विचारात घ्यावा.

न दिसलेल्या त्या यानाबद्दल माझा एक अंदाज आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटर रुंदीचा अशनी फुटला. दीड हजारच्या आसपास माणसं जखमी झाली, त्यातली पुष्कळशी खिडक्यांच्या काचांनी. इतका मोठा दगड, पण वातावरणात शिरेपर्यंत एकाही दुर्बिणीला दिसला नाही, कारण तो सूर्याच्या दिशेने आला. चकमकीच्या प्रकरणात लेखकाने ओझरतं लिहून ठेवलं आहे की तडाखा बसला तेव्हा धाकट्या वैमानिकेने डोळ्यांवर हात धरला होता. सगळ्यांनी ते घाबरल्याचं लक्षण मानलं. मला वाटतं, तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. दुसरं यान ताऱ्याच्या झगमगाटात उभं असणार. लेखकाच्या मनात हेच असेल तर मला फार आनंद होईल.

यंत्रं मोडलेली असताना डोळ्यांनी काय दिसणार, असाही प्रश्न एका पत्रात आहे. पुष्कळ काही दिसतं. जून १९८५ मध्ये झानिबेकोव आणि सविनिख हे दोन सोव्हिएत अंतराळवीर बंद पडलेल्या साल्युत ७ या स्थानकाकडे गेले. स्थानकाकडून एकही संदेश येत नव्हता. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर सौरपट्ट्या एकमेकींना समांतर नव्हत्या. तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की सूर्याकडे तोंड वळवणारी यंत्रणा बंद आहे, म्हणजे आत वीज नाही, म्हणजे आत सगळं गोठलेलं असणार. तसंच निघालं. हातात धरायच्या लेझरने अंतर मोजत त्यांनी यान हातानेच स्थानकाला जोडलं होतं.

मीर या रशियन अंतराळ स्थानकाची गोष्ट तर मला या कथेतल्या प्रत्येक तरुण वैमानिकाला सांगावीशी वाटते. २५ जून १९९७ ला प्रोग्रेस हे मालवाहू यान मीरवर आदळलं. एका कक्षाला भोक पडलं, हवा जायला लागली. दारातून गेलेल्या केबली तोडून, ओढून काढून तो कक्ष बंद करावा लागला. स्थानक गिरक्या घ्यायला लागलं, सौरपट्ट्यांची सूर्याकडची दिशा सुटली. किती वेगाने फिरतंय हे कळल्याशिवाय ते थांबवायचं कसं? तेव्हा स्थानकावरचा अमेरिकी अंतराळवीर मायकल फोल खिडकीशी गेला, हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला, आणि तारे अंगठ्यामागून किती वेळात सरकतात ते पाहून गिरकीचा वेग काढला. तो जमिनीवर कळवला, आणि त्या आकड्यावरून इंजिनं पेटवून गिरकी आवरली गेली. धक्का बसल्यावर आधी स्वतःची स्थिती मोजायची, हा धडा अंगठ्याइतक्या साधनानेही पाळता येतो.

आता यंत्रज्ञाच्या रात्रपाळीचं प्रकरण. त्याला एका वाहिनीवर तीन बारीक ‘टक टक’ आवाज ऐकू येतात आणि तो दोन पानं कोणालाही काही सांगत नाही. ‘हे काय चाललंय’, असं एका पत्रात विचारलं आहे. पहारा चालला आहे, महाराज! आमच्या पडद्यावर रेघ गोल गोल फिरायची. एका फेरीत दिसलेला ठिपका मनात ठेवायचा, दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसला तर खूण करायची, तिसऱ्यात सरकला तर तोंड उघडायचं. पक्ष्यांचे थवे ठिपके देतात, पावसाचे ढग देतात, थकलेले डोळेही देतात. पलीकडे पारदर्शक फळ्यामागे उभा असलेला पोऱ्या आपण सांगू ते काचेवर उमटणाऱ्या मेणाच्या चायनाग्राफ पेन्सिलीने उलट्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे समोर बसलेल्या साहेबांना सुलट दिसावं. त्या फळ्यावर एकदा रेघ उमटली की तिच्यावर विसंबून विमानं उडायची. म्हणून घाईने बोललेल्या शब्दाची आम्हाला धास्ती असे, आणि उशिरा बोललेल्या शब्दाचीही. ती दोन पानं या दोन भीतींच्या मधली आहेत. ती कापलीत तर यंत्रज्ञाच्या पात्रात काय उरतं?

लेखकांसाठी दोन सूचना आहेत, त्या त्यांच्यापर्यंत पोचवाव्यात. गेल्या रविवारच्या भागात छोटं यान निघताना उघड्यावर इंजिन पेटवतं. ते उपग्रहाच्या आड असताना पेटवावं, आणि आड असतानाच विझवावं. पुढचा सगळा प्रवास थंड, बंद, मिळालेल्या वेगावर. आत बसलेल्या दोघांचे हात गारठतील, काचेवर आतून दव धरेल, हीटर लावायचा की नाही यावर त्यांचं भांडण होईल. लेखकाला तिथे लिहायला भरपूर आहे. दुसरं, त्या दोघांनी काय ऐकलं हे यानाला कळवताना साधा रेडिओ वापरू नये. चहूकडे पसरणारी लहर शत्रूच्याही कानी जाईल. लेझरचा बारीक झोत नेमका यानावर धरावा. यान उपग्रहाआड गेलं की तोही तुटेल, आणि त्या वेळात कप्तान बाईंना काहीच न कळता थांबावं लागेल. ते थांबणंही लिहावं, पूर्ण लिहावं.

पुढच्या रविवारी जाहिरातींमुळे जागा कमी पडली, तर वरचं चित्र लहान करा, पण मजकूर पूर्ण छापा. आणि जमल्यास उपग्रह, यान, छोटं यान आणि तारा यांच्या जागा दाखवणारी एक साधी आकृती सोबत द्या. दोन दिशांच्या रेघा वाचकांना स्वतः ओढून पाहता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त रडार ऑपरेटर