आंटी, हे आधी मराठीत ऐका

प्रिय आंटी,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत लिहिते आहे. ही सवय तुम्हीच लावलीत. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कादंबरीचं एक पान मोठ्याने वाचून झालं की तुम्ही म्हणायचात, "आता तुझ्या भाषेत सांग." मी मराठीत सांगायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एक अक्षर कळत नसताना तुम्हाला बरोबर समजायचं की मी कुठे अडखळले, कुठे नुसते शब्द फिरवले. "हे तुला कळलेलं नाही. आवाज पडला तुझा. पुन्हा वाच." आणि खरोखर तिथेच कळलेलं नसायचं.

हे पत्र मराठी माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून केपटाउनजवळच्या काइल्सरिव्हरला आलो तेव्हा मी सहावीत होते. इथल्या शाळेत इंग्रजी ही पहिली भाषा, आणि दुसरी, म्हणजे 'फर्स्ट ॲडिशनल लँग्वेज', आफ्रिकान्स, डचमधून निघालेली दक्षिण आफ्रिकेतली भाषा. वर्गातली मुलं ती पहिलीपासून शिकत आलेली. मला 'खुइये मोरे' म्हणजे सुप्रभात एवढंही येत नव्हतं. बारावीला, म्हणजे मॅट्रिकला, या भाषेचा साहित्याचा वेगळा पेपर असतो, 70 गुणांचा. कादंबरी, नाटक, कथा, कविता यांतले दोन प्रकार, प्रत्येकी 35 गुण. मुलं बहुधा तयार टिपणं पाठ करतात. मीही बारावीच्या आधीपासूनच तेच करत होते, अंगणात येरझाऱ्या घालत, मोठ्याने. मधल्या सिमेंटच्या भिंतीपलीकडून तुम्ही कपडे वाळत घालता घालता विचारलंत, "पोरी, तू हे कुणाला सांगते आहेस?"

तिथून सुरुवात झाली. शाळेत मोठ्या बाईंना 'तान्नी' म्हणायला शिकवलं होतं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे 'आंटी' म्हणतात, तेच म्हण. आणि लगेच पहिला धडा दिलात: मोठ्या माणसाला 'तू' किंवा 'तुम्ही' असं काही म्हणायचंच नाही, "आंटी चहा घेणार का?" असं विचारायचं. ते ऐकून मला इतकं घरच्यासारखं वाटलं! आजीला आम्ही असंच विचारतो.

तुम्ही सॉल्टरिव्हरच्या कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर बसलात. शाळा स्टँडर्ड सिक्सला, म्हणजे आताच्या आठवीला, सुटली. साहित्य शिकवायला मी कोण, असं तुम्ही कितीदा म्हणालात. आज उत्तर देते. शाळेत मी उपमा, रूपक, अनुप्रास ओळखायला शिकले, आणि त्याचे गुण मला मिळाले. पण वाक्यामागे माणूस असतो हे तुमच्या टेबलावर कळलं.

व्याकरणाची भीतीही तिथेच गेली. शाळेत वाक्यरचनेसाठी 'स्टॉम्पी' नावाचं सूत्र असतं: कर्ता, वेळ, कर्म, रीत, स्थळ आणि शेवटी धातू. मी ते बोटांवर मोजत बसायचे. तुम्ही एकदा म्हणालात, तुझ्या भाषेत 'कारण मी आजारी आहे' यात 'आहे' कुठे येतं? शेवटी, मी म्हटलं. "मग? आमच्याकडेही 'ओमदात'नंतर ते शेवटीच जातं." एका मिनिटात काम झालं. इंग्रजीतून शिकवताना जे उलटं वाटत होतं ते मराठीतून सरळ निघालं. वाक्याच्या शेवटी नकार पुन्हा म्हणायचा, 'नी' दोनदा लावायचा, तो मात्र माझ्या जिभेवर यायला वर्ष गेलं. आणि एका गोष्टीत 'ट्रोंक' शब्द आला. मी अर्थ विचारला, तुम्ही मनगटं जोडून दाखवलीत. तुरुंग! दोन्ही शब्द पोर्तुगीज 'त्रोंको'मधून आलेत हे मला नंतर सापडलं. त्या जहाजांनी तुमच्या किनाऱ्यावर एक शब्द ठेवला आणि आमच्याही.

अकरावीला 'फीला से किंट' वाचली, डालेन मॅथी यांची 1985 ची कादंबरी. लांगक्लूफ खोऱ्यातल्या फीला कोमुटीच्या दारात एका रात्री गोरं पोर सापडतं. ती त्याला आपलं म्हणून वाढवते, नऊ वर्षांनी जनगणनेची माणसं येतात आणि सावळ्या घरात गोरं मूल कसं, असं म्हणून त्याला क्नायस्नाच्या जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या घरी नेतात. आमच्या टिपणांत लिहिलं होतं: 'मुख्य विषय, ओळखीचा शोध.' मी तसं म्हणून दाखवलं. तुम्ही पुस्तक माझ्या हातून घेतलंत आणि जनगणनेची माणसं येतात तो भाग स्वतः वाचलात. वाचताना फीलाचा आवाज बदलत गेला. दारात अधिकारी उभा असताना बाई कशी बोलते, किती नम्र होते आणि त्या नम्रतेखाली काय काय दाबून धरते, ते मला ऐकू आलं. मग तुम्ही पुस्तक मिटून तुमच्या आईबद्दल सांगितलंत.

11 फेब्रुवारी 1966 ला सरकारने केपटाउनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. साठ हजारांहून जास्त माणसं हळूहळू तिथून उठवली गेली. तुमच्या दाराशीही कागद घेऊन माणूस आला, आणि आईने त्याला चहा विचारला. "ती घाबरली नव्हती," तुम्ही म्हणालात, "पण तिला ठाऊक होतं की आवाज चढवला तर नव्या वस्तीतलं, बोनटहेवलमधलं घरसुद्धा उशिरा मिळेल." त्यानंतर मी फीलावर जे उत्तर लिहिलं त्यात 'ओळखीचा शोध' हे शब्द नव्हते. फीला डोंगर ओलांडून क्नायस्नाच्या मॅजिस्ट्रेटपुढे जाते आणि पोराशिवाय परत येते, त्या चालण्याबद्दल लिहिलं होतं.

मी एकदा तुम्हाला फार सरळ विचारलं होतं. 16 जून 1976 ला सोवेटोमधली मुलं याच भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. मग मी ही भाषा का शिकायची? तुम्ही बराच वेळ भांडी पुसत राहिलात. मग म्हणालात, "ज्या भाषेत आमच्या घराचा कागद आला, त्याच भाषेत आईने मला निजवलं. मी काय करू? आई त्यांना देऊन टाकू?" पुढे तुम्ही डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या तुमच्या मुस्लिम शेजाऱ्यांचं सांगितलंत. त्यांच्या आजोबांच्या जुन्या वह्यांत आफ्रिकान्स होतं, पण अरबी लिपीत. शाळेत आम्हाला या भाषेचा इतिहास 1875 ला पार्ल गावात तिच्यासाठी निघालेल्या संस्थेपासून शिकवतात. केपच्या मदरशांत मात्र त्याआधीपासून ही भाषा अरबी अक्षरांत लिहिली जात होती, आणि अबू बक्र एफेंदी यांचा धर्मग्रंथ 1877 ला तसाच छापला गेला. 'बाये' म्हणजे पुष्कळ, 'पिसांग' म्हणजे केळं, हे शब्द मलय भाषेतून आले. गुलामांच्या स्वयंपाकघरांत घडलेली ही भाषा आहे, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं.

कविता वाचताना वीज गेलेली असायची, म्हणून त्या मला मेणबत्तीच्या उजेडासकट आठवतात. युजेन मराइस यांची 1905 ची 'विंटरनाख'. बोअर युद्ध संपून तीनच वर्षं झालेली. पहिल्याच ओळीत वारा आहे, पण 'विंकी', म्हणजे लहानगा, लाडका वारा, आणि तो 'स्क्राल'. स्क्राल म्हणजे काय यावर आपण अख्खी संध्याकाळ घालवली. कोशात 'बारीक', 'तुटपुंजा' असं दिलेलं. तुम्ही खांदे आवळून, दोन्ही हात काखेत घालून दाखवलंत. मग मला आजोळ आठवलं. माणदेशातला पौषातला माळ, वणवा जाऊन काळा पडलेला, वर चांदणं आणि हाडांत शिरणारा वारा. 'बोचरा,' मी म्हटलं, मग म्हटलं, 'हाडकुळा.' तुम्ही दोन्ही शब्द दोनदा म्हणून पाहिलेत आणि दुसरा निवडलात. त्या कवितेत जळलेल्या माळावर गवताचे तुरे खुणावणाऱ्या हातांसारखे हलतात. 'फेल्ट' या शब्दाचा अर्थ मी त्या दिवसापासून 'माळ' असाच धरते.

इंग्रिड योंकर यांची न्यांगाच्या मुलाची कविता आली तेव्हा मला शेवटची ओळ लागत नव्हती. सैनिकांनी मारलेलं मूल मेलेलं नाही, ते मोठं होतं, राक्षसाएवढं होऊन जगभर फिरतं, 'पासशिवाय'. माझ्या डोळ्यांसमोर एसटीचा पास. तुम्ही तो पास समजावलात: कृष्णवर्णीय माणसाला स्वतःच्याच देशात शहरात पाऊल ठेवायला लागणारं ते पुस्तक, त्याविरुद्ध 21 मार्च 1960 चा शार्पव्हिल गावातला मोर्चा, पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेली 69 माणसं. "तो पास आम्हा मिश्रवंशीयांकडे नव्हता," तुम्ही म्हणालात, "पण ओळखपत्रावर आमचा वंश लिहिलेला असायचा." 24 मे 1994 ला मंडेलांनी हीच कविता संसदेत वाचली तेव्हा कारखान्यात कुणीतरी रेडिओ मोठा केला होता, आणि गोऱ्या बाईने आफ्रिकान्समध्ये लिहिलेली ओळ मंडेलांच्या तोंडी ऐकून शेजारच्या मशीनवरची बाई रडली, हेही सांगितलंत. न्यांगा आपल्या घरापासून अर्ध्या तासावरही नाही. आता विमानतळाकडे जाताना दर वेळी मी त्या बाजूला बघते.

आता जे मला सांगायचंच आहे ते सांगते. दहावीच्या तोंडी परीक्षेत मी 'येय', म्हणजे 'तू', याऐवजी 'जेय' म्हणाले, तुम्ही म्हणता तसं. गुण कापले गेले आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'उच्चार अशुद्ध.' मी तो कागद तुमच्यापुढे टाकला आणि रागाने म्हणाले, "हे तुमच्यामुळे." तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी शाळेचं आफ्रिकान्स बोलायला लागलात. प्रत्येक शब्द जपून, जणू कुणी कान देऊन बसलंय. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत तुम्ही एकदाही हसला नाहीत, आणि ते मी केलं होतं.

पुण्याच्या शाळेत मी 'व्हतं' म्हटलं की बाई 'होतं' म्हणायला लावायच्या. 'व्हतं' माझ्या आजीचं होतं. इतकं माहीत असून मी तुमच्याशी तेच केलं.

मला शब्द सापडत नव्हते, ते पुस्तकात सापडले. कवितासंग्रहाच्या शेवटी, अभ्यासाला नसलेल्या पानांत कवी ॲडम स्मॉल होते, आणि ते चक्क तुमच्या भाषेत होते. तुमचा 'जेय' तिथे छापलेला होता. मी धावत आले. तुम्ही चष्मा लावलात, बोट ठेवून एकेक ओळ वाचलीत आणि विचारलंत, "हे शाळेच्या पुस्तकात आहे?" मग उभं राहून ती कविता पुन्हा वाचलीत, या वेळी मोठ्याने, खिडकी उघडी ठेवून. काप्स, म्हणजे तुमची ही केपची बोली, गंमत नाही, भाषा आहे, असं त्यांनी लिहून ठेवलंय, हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत होतं. तुला आता कळलं."

तेव्हा मी माफी मागितली नाही. तुम्ही ताटलीत कूसिस्टर, ते पाकातले मसालेदार गोड वडे, वाढलेत, मी खाल्ले, आणि आपण दोघींनी विषय संपला असं धरलं. आंटी, मी चुकले. माफ करा. आणि तुमच्या संध्याकाळींसाठी, त्या आवाजासाठी, आईची गोष्ट माझ्या हाती दिल्याबद्दल, मनापासून आभार. बाये दांकी.

मॅट्रिकचे गुण तुम्हाला माहीतच आहेत. निकालाच्या सकाळी भिंतीवरून तुम्हीच आधी हाक मारली होतीत. आता विद्यापीठात माझा विषय संगणक आहे, आफ्रिकान्सची परीक्षा कधीच नाही. तरी बसमध्ये माझ्या पिशवीत तो कवितासंग्रह असतो.

रविवारी सकाळी येते, कूसिस्टर पाकात पडायच्या वेळेला. आधी हे असंच मराठीत वाचेन, तुम्ही डोळे मिटून ऐका. जिथे माझा आवाज पडेल तिथे थांबवा, मी ते पुन्हा वाचेन. मग आफ्रिकान्समध्ये सांगेन, आणि त्यात 'जेय'च म्हणेन.

तुमची,
भिंतीपलीकडची पोर