गाडीचा सिबिल कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की वर्तमानपत्रांतून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांच्या जाहिराती सुरू होतात. 'कमी चाललेल्या गाड्या, जागेवर कर्ज मंजूर.' अशीच एक जाहिरात वाचून आम्ही २०२४ च्या दसऱ्याला गाडी घेतली. जाहिरात छापली म्हणून आपल्याला दोष देत नाही. दोष द्यायचाच तर आधी मला. मी एसटीच्या आगारात बत्तीस वर्षे काढली, त्यातली अकरा टायर विभागात, आणि तरी फसलो.

एसटीत सगळे किलोमीटरवर चालते. लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली, किलोमीटरमागे किती रुपये आले, टायर किती किलोमीटरला उतरवला, रिमोल्ड होऊन, म्हणजे वर नवे रबर चढून आल्यावर पुन्हा किती चालला. प्रत्येक टायरला नंबर असतो आणि त्याच्या नावाने हिशेब असतो. कित्येक गाड्यांचे मीटर बंद पडलेले असायचे, पण किलोमीटर बंद पडत नसत. मार्गाचे अंतर ठरलेले, त्यावरून ते लिहिले जायचे. अशा खात्यातला माणूस दुकानात उभा राहून मीटरवरचा ४१,३६० हा आकडा बघतो आणि खूश होतो, याला काय म्हणावे?

गाडी जून २०१७ ची डिझेल डिझायर, पुणे पासिंग. विकणाऱ्याने सांगितले, "डॉक्टरांची गाडी आहे काका. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले, मिरजेला फेऱ्या मारायच्या, त्यामुळे डॉक्टरांची गाडी हा शकुनच वाटला. किंमत ४ लाख ९० हजार. १ लाख ३० हजार माझ्या फंडातले, उरलेल्या ३ लाख ६० हजारांचे कर्ज मुलाच्या नावावर. व्याज १५ टक्के, ४८ हप्ते, हप्ता १०,०१९ रुपये. म्हणजे सगळे फिटेपर्यंत व्याजच १ लाख २० हजारांच्या वर जाणार. जुन्या गाडीला व्याज जास्तच असते, हे मान्य करून सही केली.

कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दुकानातच टेबल टाकून बसलेला होता. त्याने मुलाचे पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, सिबिलचा म्हणजे आजवरच्या कर्जफेडीचा स्कोअर, एक जामीनदार, सगळे घेतले. तीन वर्षांपूर्वी मोबाईलच्या हप्त्याला चार दिवस उशीर झाला होता, तोही त्यांच्या कागदावर निघाला. गाडीचे मूल्यांकन करायला वेगळा माणूस आला. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप उठवला, मीटरचा फोटो काढला आणि गेला. पंधरा मिनिटे. त्याची फी कर्जातूनच वळती झाली. माणसाचा सिबिल निघतो, गाडीचा कोणी काढत नाही, हे तेव्हा लक्षात आले नाही.

पहिली शंका नोव्हेंबरात आली. मिरजेच्या वाटेवर पंक्चर झाले म्हणून स्टेपनी काढली. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर १९१७ होते, म्हणजे २०१७ चा एकोणिसावा आठवडा. कंपनीतून गाडीबरोबर आलेला टायर, आणि नक्षी जवळजवळ पुसलेली. चाकांवरचे चार टायर मात्र २०२३ चे, तेही अर्धे झिजलेले. पहिला संच चाळीस हजारांत संपला असे धरले तरी दुसरा अर्धा झिजायला वीस हजार हवेत. साठ हजार तिथेच झाले. दुकानात त्या चार टायरांना काळे पॉलिश मारून ठेवले होते आणि मी हात फिरवून "बरे आहेत" म्हटले होते. स्टेपनी बघितली नव्हती. टायर विभागात अकरा वर्षे!

घरी येऊन जो हिशेब दुकानात करायचा तो केला. सात वर्षे चार महिन्यांत ४१,३६० म्हणजे दिवसाला साडेपंधरा किलोमीटर. डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा लाखभर महाग पडते. ज्याचे रनिंग जास्त तोच ती घेतो. रोज साडेपंधरा किलोमीटर जाणारा डॉक्टर ती कशाला घेईल? खोटे चांगले जुळवलेले होते. आकड्याला शोभेल असा मालक शोधला होता, फक्त गाडी त्या मालकाला शोभत नव्हती.

जानेवारीत क्लच प्लेट गेली. साडेनऊ हजार. आमचा गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, "चाळीस हजारांत क्लच जात नाही काका, रोज घाट चढला तरी." मार्चमध्ये मुलगा गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला, मीही बरोबर होतो. काउंटरवरच्या मुलीने गाडीचा नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितले, मग जॉबकार्डाकडे, मग आमच्याकडे. "काका, मागच्या वेळी ही गाडी १,१८,७४० ला आली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये. आता ४६ हजार कशी?" मी काही बोललो नाही. मुलाने तिला विनंती करून सगळ्या सर्व्हिसिंगची यादी छापून घेतली. वर्षाला वीस हजारांच्या आसपास, एकसारखी चाललेली गाडी. फेब्रुवारी २०२३ नंतर दसऱ्यापर्यंत आणखी किती चालली ते परमेश्वराला आणि मीटर मागे घेणाऱ्यालाच ठाऊक. खरा आकडा दीड लाखाच्या जवळ असावा, असा माझा अंदाज. अशा गाडीची किंमत मेकॅनिकने साडेतीन-पावणेचार लाख सांगितली, तीही गिऱ्हाईक मिळाले तर.

माझी समजूत अशी होती की जुन्या आकड्यांच्या चकत्यांचे मीटर मागे फिरवता यायचे, हे नवे इलेक्ट्रॉनिक मीटर कसे फिरवणार? मेकॅनिक हसला. आकडा मीटरमधल्या एका बारीक चिपमध्ये असतो आणि तो बदलायला चहा गार व्हायलाही वेळ लागत नाही, असे त्याचे म्हणणे. चकतीच्या मीटरमध्ये निदान आकडे वाकडे दिसून चोरी उघडी पडायची.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "आम्हालाही गाडी अशीच आली, आमचीही फसवणूक झाली." मग ड्रॉवरमधून डिलिव्हरी नोट काढली. खाली बारीक अक्षरात: गाडी पाहून, पसंत करून, आहे त्या स्थितीत घेतली, रनिंगची जबाबदारी दुकानाची नाही. खाली मुलाची सही. मी त्याला विचारले, जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते कुठे आहे? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती केली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. डीलरच्या ताब्यातली गाडी कुठे, कशासाठी, कोणी आणि किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणेही त्यात सक्तीचे आहे. भिंतीवर गणपती होता, बालाजी होता, शॉप अॅक्टचा फ्रेम केलेला दाखला होता. अधिकारपत्र नव्हते.

कर्जाच्या कंपनीत गेलो. मूल्यांकनाचा अहवाल मागितला तर तो 'अंतर्गत कागद' आहे म्हणाले. फी आमची, कागद त्यांचा. मी म्हटले, ४१ हजार किलोमीटरची गाडी धरून तुम्ही किंमत काढलीत आणि त्यावर कर्ज दिलेत. तुमच्या माणसाने सर्व्हिस सेंटरला एक फोन केला असता तर तुमचेही तारण वाचले असते. तिथला तरुण अधिकारी नम्र होता. म्हणाला, "सर, आम्ही गाडीला कर्ज दिलंय, किलोमीटरला नाही." करारातले कलम त्याने दाखवले: वाहनाच्या स्थितीशी कंपनीचा संबंध नाही, वाद असला तरी हप्ता थांबणार नाही. हप्ता थांबवला तर गाडी उचलतील आणि मुलाचा सिबिल बिघडेल, मग उद्या घराचे कर्ज मिळणार नाही. म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेला १०,०१९ रुपये खात्यातून जातात. अजून एकही चुकलेला नाही.

पोलीस ठाण्यात आधी "हे दिवाणी आहे" असे ऐकावे लागले, दुसऱ्या खेपेला फसवणुकीचा अर्ज शिक्का मारून घेतला. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ कलम आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती दुकानदाराकडे गेली, त्याने उत्तर दिले नाही. शेवटी मुलाच्या नावाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. हे मात्र वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे: दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमच्या हातात तीन कागद आहेत. सर्व्हिसची यादी, बँकेचे उतारे, आणि मुलाने मोबाईलमध्ये जपून ठेवलेला दुकानदाराचा व्हॉट्सअॅप संदेश, '४१,००० किमी जेन्युइन, डॉक्टर यूज'. डिलिव्हरी नोटवर किलोमीटर कुठेच लिहिलेले नाहीत. तो संदेश नसता तर आमची तक्रार हवेतच राहिली असती. गाडी घेताना पावतीवर मीटरचा आकडा लिहून शिक्का मागावा. जो द्यायला कां कूं करील त्याच्याकडे चहाही घेऊ नये.

आता माझे मूळ म्हणणे. या व्यवहारात किती कागद झाले ते मी मोजले. गाडी नावावर करायचे नमुना २९ आणि नमुना ३०, कर्जाचा बोजा चढवायचा नमुना ३४, विमा, पीयूसी, करारनामा एकतीस पानी. जुन्या गाडीची किंमत ज्यावर ठरते तो किलोमीटरचा आकडा आमच्या हातातल्या एकाही कागदावर नाही. आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, रंगसुद्धा आहे, किलोमीटर नाहीत. एम-परिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकला तर विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते ते दिसते. गाडी किती चालली ते दिसत नाही. माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तो सांगतो, तिथे गाडीच्या वार्षिक तपासणीला मीटरचा आकडा लिहितात आणि सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की कोणालाही वर्षावर्षाचे आकडे फुकट दिसतात. बेल्जियममध्ये तर २००६ पासून अशा नोंदींचा दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकता येत नाही.

आपल्याकडे पीयूसीसाठी गाडी वर्षातून एकदा केंद्रावर जातेच. तिथला माणूस नंबरप्लेटचा फोटो काढतो, धुराचे आकडे टाकतो. त्यातच मीटरचा आकडा टाकायला एक रकाना वाढवावा. गाडी न बघता पीयूसी देणारेही असतात, हे मला माहीत आहे. तरी दहातल्या सात नोंदी खऱ्या निघाल्या तरी मागे गेलेला आकडा लगेच उघडा पडेल. नमुना २९ वर विकणारा आणि घेणारा दोघांच्या सहीने मीटरचा आकडा यावा. आणि मूल्यांकनाची फी कर्जदाराकडून घेतली तर अहवालाची प्रत त्याला द्यावीच लागेल, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा. यात सरकारचा फार खर्च नाही. जुन्या गाड्यांवरच्या डीलरच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर लावायचा निर्णय जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये एका बैठकीत घेतला. मग एका रकान्याला किती वेळ लागावा?

पत्र लांबले, क्षमा असावी. नाव-पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबत दिला आहे, तो छापू नये. मुलाच्या सासरी ही गाडी अजून ४१ हजारांचीच आहे.

जाता जाता एक. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतला एक मुलगा, काका गाडी विकायची आहे का, असे विचारायला आला. मी त्याला दोन्ही आकडे सांगितले, मीटरवरचा आणि यादीवरचा. तो विचार करतो म्हणून गेला. परवा पेढे घेऊन आला. दुसरीकडून घेतली, २०१६ ची डिझेल, फक्त ३८ हजार चाललेली, कर्जही लगेच झाले. मी पेढा घेतला आणि स्टेपनी बघितलीस का, एवढे विचारले. तो म्हणाला, "नाही काका, का?"

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
विटा, जि. सांगली