पादचारी आणि सायकलस्वारांवर पुलाचा टोल नको : बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पुलांच्या देखभालीचा खर्च वाढला आणि टोलची वसुली अपुरी पडू लागली की, पुलावरून चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांकडूनही थोडेफार शुल्क का घेऊ नये, असा प्रश्न कुठे ना कुठे निघतोच. ‘जो वापरेल तो भरेल’ हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते. मात्र ते काटेकोरपणे लावले, तर या दोघांच्या वाट्याला येणारी रक्कम वसुलीचा खर्चही भागवणार नाही, हे आपल्या निदर्शनास आणावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी झिजेचे पाहू. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ते-चाचणीतून, वाहनामुळे रस्त्याची होणारी हानी ही चाकांच्या आसावरील (ॲक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा नियम पुढे आला. मोटारीच्या एका आसावर ७५० किलो आणि स्वारासह सायकलच्या एका आसावर ५० किलो भार धरला, तर भारातील फरक १५ पट असतो, पण हानीतील फरक ५० हजार पटींहून अधिक होतो. हे सूत्र अवजड वाहनांच्या चाचण्यांतून आलेले असल्याने ते सायकलला शब्दशः लावू नये, हे खरे. तरीही मोटारीला जेवढा टोल आहे त्या मानाने सायकलचा टोल काढायला बसल्यास त्या किमतीचे नाणेच सापडणार नाही. माणसांच्या गर्दीचा भार अभियंत्यांना विचारात घ्यावाच लागतो. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली खुला झाल्यावर चालणाऱ्यांच्या पावलांनी डोलू लागला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पण तो संरचनेचा प्रश्न होता, झिजेचा नव्हे.

आता वसुलीचे. मोटारीला नंबरप्लेट असते आणि काचेवर टॅग चिकटवता येतो, त्यामुळे ती न थांबताही पैसे वळते होतात. चालणाऱ्याला यातले काहीच नसते. त्याच्यासाठी फिरते फाटक, खिडकी, माणूस आणि सुट्ट्या पैशांची पेटी लागते. सायकलस्वाराचे हाल तर आणखी वेगळे : त्याने उतरायचे, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपायचा आणि सामानाच्या पिशव्या लटकलेली सायकल त्या अरुंद फाटकातून तिरपी करून काढायची, तोवर मागे रांग लागलेली. हे सारे उभारण्याचा, चालवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च वजा जाता तिजोरीत काय उरते, याचा आकडा प्रत्येक प्रस्तावासोबत मागवावा, अशी विनंती आहे.

हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. लंडनचा वॉटर्लू पूल १८१७ साली खुला झाला तेव्हा पायी जाणाऱ्याला एक पेनी द्यावी लागे. लोक जवळच्या फुकट पुलांवरून जाऊ लागले, कंपनीचे गणित कोलमडले आणि १८७८ मध्ये तो पूल सार्वजनिक मंडळाने विकत घेऊन टोलमुक्त केला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर १८८३ पासून पादचाऱ्यांकडून एक सेंट घेतला जाई. तो १८९१ मध्ये रद्द झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या प्रशासनाने तूट भरून काढण्यासाठी २०१४ मध्ये पादपथावर शुल्क लावण्याचा विचार पुन्हा सुरू केला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने पुढच्याच वर्षी अशा शुल्काला काही वर्षांपुरती बंदी घालणारा कायदा केला. डब्लिनच्या हापेनी पुलाचा दाखला मात्र प्रामाणिकपणे दिला पाहिजे. १८१६ चा तो पूल केवळ पादचाऱ्यांसाठी, नावेच्या मालकाने स्वतःच्या पैशाने बांधलेला होता आणि त्यावरचा अर्ध्या पेनीचा टोल १९१९ पर्यंत चालला. तिथे दुसरा वापरणारा कोणी नव्हताच. मोटारींसाठी बांधलेल्या पुलाच्या कडेच्या पट्टीला तो न्याय लावता येत नाही. याउलट माहीमचा कॉजवे अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून १८४५ साली उभा राहिला, तो लोकांकडून टोल घेऊ नये या अटीवरच.

टोल टाळण्यासाठी मोटारीने तीन किलोमीटरचा वळसा घातला तर चार-पाच मिनिटे जातात. तोच वळसा चालणाऱ्याला अर्ध्या तासाहून अधिक पडतो. त्यामुळे शुल्क एकच असले तरी त्याचा जाच दोघांना सारखा होत नाही.

महोदय, माझी मागणी दोन भागांची आहे. पादचारी आणि सायकल यांना पुलावरील टोलमधून कायमची सूट आहे, असे नियमात स्पष्ट शब्दांत लिहावे. प्रत्येक कंत्राटाच्या मसुद्यावर ते सोडू नये. दुसरे, ही सूट म्हणजे पुलावर बंदी घालण्याचा सोयीस्कर मार्ग ठरू नये. पादपथच न बांधणे, किंवा बांधून त्यावर केबलचे पेटारे ठेवणे, ही टोलपेक्षा महागडी आकारणी आहे. पुलाच्या लोखंडी सांध्याची फट सायकलचे चाक अडकेल इतकी रुंद नसावी, एवढे तरी नव्या पुलांच्या तपासणीत पाहिले जावे.

कळावे,
पुलावरून पायी जाणारा एक नागरिक