मागच्या बोळातल्या वायरमन काकांना

काका, नमस्कार.

त्या रात्री मी तुम्हाला धड धन्यवादही म्हणाले नाही. आईंना पाणी द्यायला आत गेले आणि बाहेर येते तर तुम्ही छत्री उघडून बोळाच्या टोकाला पोहोचला होता. आठ दिवस झाले, अजून ते मनातून जात नाही. म्हणून हे पत्र, आणि ते चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

माझ्या सासूबाईंना ऑक्सिजनचं मशिन लागतं. साताऱ्यातलं आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं. त्यांच्या खोलीत एकच सॉकेट, तेही कपाटाच्या आडोशाला, म्हणून मशिन एक्स्टेन्शन बोर्डावर चालतं. कपाटाच्या पायाखाली चेपून त्याची वायर चिरली होती, आतलं तांबं दिसत होतं. मी काही गप्प बसले नव्हते. पंधरा दिवसांत दोघांना बोलावलं. पहिला ‘आलोच दहा मिनिटांत’ म्हणत तीनदा आलाच नाही. दुसरा आला, चिरलेल्या जागी वायर तोडली, पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली आणि दीडशे रुपये घेऊन गेला. ‘पेशंटचं मशिन आहे हो, गरम नाही ना होणार?’ असं मी विचारलं होतं. ‘काही होत नाही ताई,’ म्हणाला.

त्याच जोडानं त्या रात्री पेट घ्यायचा बाकी ठेवला. हे शिरवळला रात्रपाळीला. बाहेर पाऊस. जळका वास आला आणि मशिन ओरडायला लागलं. बटण बंद केलं, आईंना छोट्या सिलिंडरवर घेतलं, पण त्याचा काटा लाल पट्टीला टेकायला आलेला. त्या दुसऱ्या माणसाला फोन केला तर ‘सकाळी बघू’. तेव्हा शेजारच्या वहिनी तुमच्याकडे धावल्या. आपली तर ओळखसुद्धा नव्हती.

तुम्ही आलात ते भिजून. पण काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तुमच्या घरचा बोर्ड मात्र कोरडा ठणठणीत. काय झालं, कुठं जळलं, काही विचारलं नाहीत. आधी टॉवेल मागितलात, हात कोपरापर्यंत कोरडे केलेत आणि म्हणालात, ‘आधी आईंचं मशिन सुरू करू. वायरीला काय घाई आहे?’ तुमचा बोर्ड लावला, मशिन चालू झालं. आईंच्या नाकातली नळी सरकली होती, ती मला दाखवलीत आणि मी नीट करेपर्यंत खाली बसला नाहीत.

काका, वायर काय, कुणीही दुरुस्त केली असती. पण निघताना घरचा बोर्ड उचलून घ्यावा, हे तुम्हाला सुचलं. तुमचा टीव्ही त्या बोर्डावर होता, हे मला दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं.

मग तुम्ही आमची वायर हातात घेतलीत. टेप सोडवलीत आणि बराच वेळ बोलला नाहीत. तीन वायरींपैकी दोनच जोडल्या होत्या. हिरवी तशीच तोडून टेपखाली दडवलेली. ‘या बोर्डावर उद्या कुणी इस्त्री लावली असती. पत्र्यात करंट उतरला तर ही वायर तो जमिनीत नेते, फ्यूज उडतो. ही नसली की मधे माणूस येतो,’ म्हणालात. एवढं बोलताना तुमचा आवाज थोडा चढला होता. त्या माणसाला एक शब्द वाईट बोलला नाहीत, पण मी बोलते: दीडशे रुपये घेऊन माझ्या घरात त्यानं मरण ठेवून दिलं होतं.

‘जोड द्यायचाच नाही. जिथं दुखलंय तिथून कापायचं आणि टॉप, म्हणजे टोकाचा प्लग, परत बसवायचा. वायर हातभर कमी पडेल, मशिन हातभर अलीकडे घेऊ,’ असं म्हणून तुम्ही तसंच केलंत. हिरवी वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवलीत. ओढाताण झालीच तर करंट आणणारी फेजची वायर आधी सुटावी आणि अर्थिंगची ही हिरवी शेवटी, म्हणून. टॉपच्या आत, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी तुम्ही ती काळजी घेतलीत. मग मशिन आमच्या बोर्डावर लावून अर्धा तास नुसते बसून राहिलात आणि मधूनमधून टॉपला उलटा हात लावून बघत होता, आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. आईंची नात त्या अर्ध्या तासात तुमच्या शेजारीच झोपून गेली.

या पेठेत मी बारा वर्षं राहते. काम येणारी माणसं पुष्कळ पाहिली. पण कामाच्या आधी घरातलं आजारी माणूस ज्याला दिसतं, असा माणूस मागच्याच बोळात राहतो हे मला माहीतच नव्हतं. आता रात्री दिवा मालवताना तेवढ्यानं धीर येतो.

तुमचा बोर्ड ‘रात्री लागला तर असू द्या’ म्हणून ठेवून गेलात. तो पुसून, वायर वेटोळं करून कोनाड्यात ठेवलाय. रविवारी हे घरी आहेत, तेव्हा घेऊन येतो. आईंनी सांगितलंय, कंदी पेढे न्या आणि म्हणावं, मला उठून बसता यायला लागलं की चहाला या.

तुमची,
मंगळवार पेठेतली सूनबाई